कानाडोळा

व्हॉट्सॲपवर एखादा ग्रुप म्यूट करायला गेलं की तीन पर्याय समोर येतात. आठ तास, एक आठवडा, कायमचं. आधी 'कायमचं'च्या जागी 'एक वर्ष' असायचं, ते २०२०च्या ऑक्टोबरमध्ये बदललं. मी २०२१च्या एप्रिलमध्ये, एका रात्री साडेअकराच्या सुमारास, एक ग्रुप आठ तासांसाठी म्यूट केला. आजवर मी शेकडो ग्रुप म्यूट केले असतील. त्यातला हा एकच लक्षात राहिला आहे, आणि त्याबद्दल लिहायचं म्हणते आहे त्यालाही दोन वर्षं होऊन गेली.

ते दिवस आठवतात ना? कोविडची दुसरी लाट. मे महिन्याच्या सुरुवातीला देशात एका दिवसात चार लाखांहून जास्त रुग्ण सापडत होते, आणि पुणे त्याआधी कितीतरी आठवडे होरपळत होतं. सोशल मीडियाचं रूपच पालटून गेलं होतं. जिथे एरवी लग्नाचे आणि लोणावळ्याचे फोटो असायचे, तिथे 'अर्जंट', 'ऑक्सिजन बेड', 'रेमडेसिविर', 'प्लाझ्मा ए पॉझिटिव्ह', 'एसपीओटू ८२' एवढेच शब्द. मी तेव्हा तेवीस वर्षांची. नोकरीला लागून दोन वर्षंही झाली नव्हती. रूममेट गावी गेलेली, घरात मी एकटी, सकाळी नऊ ते सहा लॅपटॉपवर ऑफिस आणि त्यानंतर त्याच लॅपटॉपवर एक शीट.

शीट आमच्या इंजिनियरिंगच्या बॅचच्या ग्रुपमधून सुरू झालेलं. कुठे बेड आहे, कुठे सिलिंडर भरून मिळतो, कोण प्लाझ्मा द्यायला तयार आहे, अशी माहिती इकडून तिकडून यायची. आमचं काम एकच, फोन करून ती खरी आहे का ते बघायचं. दहातले आठ-नऊ नंबर बंद असायचे किंवा लागायचे नाहीत. लागलाच तर पलीकडून उत्तर यायचं, 'सकाळी होता, आता नाही', 'बेड आहे, ऑक्सिजन नाही', 'पेशंटला घेऊन या, मग बघू'. ज्या रांगेत खरी माहिती सापडली ती हिरवी करायची, शेजारी वेळ टाकायची. अर्ध्या तासानं ती माहितीही शिळी व्हायची.

सोळा-सतरा दिवस मी हे केलं. शेवटी शेवटी मेसेजचा टोन वाजला की पोटात गोळा यायचा. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचे. जेवताना एका हातात फोन असायचा. एका बाईंशी दुपारी बोललेले, त्यांच्या भावासाठी बेड शोधत होते. संध्याकाळी बेड सापडल्याचं सांगायला फोन केला तर त्या शांतपणे म्हणाल्या, 'नको आता, ताई. दुसऱ्या कुणाला द्या.' त्यानंतर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. त्याच आठवड्यात आईनं फोनवर विचारलं, 'तुझा आवाज असा का येतोय?' आणि ऑफिसातल्या मॅनेजरनं सगळ्यांना एक मेल पाठवली होती, त्यात लिहिलं होतं की बातम्या आणि सोशल मीडिया मर्यादित ठेवा, स्वतःच्या मानसिक आरोग्याला आधी जपा. सल्ला चांगलाच होता. मी तो पाळला. ग्रुप म्यूट केला, आठ तास.

अकरा पन्नासला त्या ग्रुपवर माझ्या एका वर्गमित्राचा मेसेज आला. बाबांना ऑक्सिजन बेड हवा आहे, चिंचवड-आकुर्डी कुठेही चालेल. त्यानं कुणाला टॅग केलं नव्हतं. टॅग केलं असतं तर म्यूट असूनही मला कळलं असतं, ते ॲप तसंच चालतं. शीटमध्ये अकरा पंधराला मी स्वतः हिरवी केलेली एक रांग होती. चिंचवडमधलं एक छोटं हॉस्पिटल, दोन ऑक्सिजन बेड. पण त्याला शीटबद्दल नीट माहीत नव्हतं आणि त्या वेळी ग्रुपवर जे दोन-तीन जण जागे होते त्यांनी त्याला सापडतील ते नंबर पाठवले, जुने. मी तो मेसेज सकाळी पावणेआठला पाहिला. त्याच्या बाबांना बेड मिळाला दुपारी दोन वाजता, दुसरीकडे. चौथ्या दिवशी ते गेले.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. रात्री बेड मिळाला असता तर ते वाचले असते का, हे मला माहीत नाही, कुणालाच सांगता येणार नाही. ते दोन बेडही बाराच्या आत गेले असण्याची शक्यता भरपूर आहे. त्यामुळे 'माझ्यामुळे एक माणूस गेला' असं मी म्हणत नाही. तसं म्हणण्यात एक प्रकारची ऐटही आहे, जणू सगळं माझ्याच हातात होतं. माझा प्रश्न त्याहून लहान आहे, पण तो सुटत नाही. मी त्या रात्री जे केलं, ते स्वतःला जपणं होतं की तोंड फिरवणं? आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसत असेल, तर आतून त्यांतला फरक ओळखायचा कसा?

*

आधी जपण्याची बाजू नीट मांडते, कारण ती कच्ची नाही.

स्क्रीनवर जे दिसतं त्याचा मनावर परिणाम होतो, हे आता वेगळं सिद्ध करायला नको. तरी एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. २०१२च्या जानेवारीत फेसबुकनं आठवडाभर सुमारे सहा लाख नव्वद हजार लोकांच्या फीडमध्ये गुपचूप फेरफार केला. काहींच्या फीडमधून आनंदी मजकूर कमी केला, काहींच्या फीडमधून दुःखी. मग हे लोक स्वतः काय लिहितात ते मोजलं. ज्यांच्यासमोरचा आनंदी मजकूर कमी झाला त्यांच्या लिहिण्यात दुःखी शब्द किंचित वाढले. परिणाम अगदीच बारीक होता, पण होता. २०१४मध्ये निबंध छापून आला तेव्हा जगभर आरडाओरडा झाला, तो मुख्यतः लोकांना न विचारता प्रयोग केला म्हणून. माझ्या दृष्टीनं त्यात आणखी एक गोष्ट होती. तो फेरफार कोणाच्या लक्षातही आला नव्हता. मन बदललं आणि मालकाला पत्ता नाही.

तेव्हा जो म्हणतो की माझ्यासमोर काय यावं ते मी ठरवणार, तो काही नाजूक किंवा स्वार्थी ठरत नाही. तो आपल्या घराचं दार लावून घेतो आहे. माझ्या फोनमध्ये आजही बहुतेक सगळे ग्रुप म्यूट आहेत. नातेवाइकांचा, सोसायटीचा, शाळेचा, ज्यावर सकाळी सहाला फुलं आणि रात्री दहाला राजकारण येतं तो, सगळे. मला त्याबद्दल काडीचंही वाईट वाटत नाही. कुणी चारचौघांत अपमान करत असेल, जातीवरून, अंगावरून, बाई असण्यावरून घाण लिहीत असेल, तर त्याला ब्लॉक करणं हा त्यावरचा सगळ्यात शहाणा उपाय आहे. असल्या माणसांना आपलं लक्ष द्यायला आपण बांधील नाही.

मग त्या एका ग्रुपबद्दलच का टोचतं?

*

इथे मला एका शब्दानं मदत केली. शब्द आपल्याच भाषेतला आहे, 'उपेक्षा'.

मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड. म्हाताऱ्या आईबापांची उपेक्षा, उपेक्षित समाज, उपेक्षित लेखक. शब्द उच्चारताच त्यात कुणावर तरी अन्याय झालेला असतो. पण पालीत हाच शब्द 'उपेक्खा' होतो आणि बुद्धाच्या शिकवणीत तो एक सद्गुण आहे. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा, हे चार ब्रह्मविहार. पतंजलीच्या योगसूत्रांतही पहिल्या पादात हीच चौकडी येते. मुळात उप आणि ईक्ष्, म्हणजे जवळून बघणं किंवा नजर टाकणं. जवळून बघायचं, पण त्यानं वाहून जायचं नाही. त्या अर्थाची उपेक्षा म्हणजे समतोल. शतकांच्या प्रवासात त्याचं आपल्याकडे हेळसांड कसं झालं हे भाषातज्ज्ञांनी सांगावं. माझ्या मनात आलं ते इतकंच की माणसांनी समतोलाच्या नावाखाली इतक्या वेळा दुर्लक्ष केलं असेल की शेवटी शब्दच तिकडे घसरला.

हा धोका जुन्या लोकांना ठाऊक होता. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग'मध्ये प्रत्येक ब्रह्मविहाराचे दोन शत्रू सांगितले आहेत, एक दूरचा आणि एक जवळचा. दूरचा शत्रू म्हणजे उघड उलट भावना, करुणेचा क्रौर्य. तो ओळखायला सोपा. जवळचा शत्रू तोतया असतो, सद्गुणाचेच कपडे घालून येतो. करुणेचा जवळचा शत्रू आहे शोक, दुसऱ्याच्या दुःखात आपणच बुडून जाणं. आणि उपेक्षेचा जवळचा शत्रू आहे अज्ञानातली बेफिकिरी.

हे वाचलं तेव्हा मला माझे सतरा दिवस आणि अठरावी रात्र एकदम दिसली. सतरा दिवस मी करुणेच्या नावाखाली शोकात बुडत होते. अठराव्या रात्री समतोलाच्या नावाखाली बेफिकिरीत गेले. म्हणजे दोन्ही वेळा तोतयाच.

या भेदाला आता प्रयोगशाळेतला आधारही मिळालेला आहे. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या तानिया सिंगर यांनी मातिया रिकार या बौद्ध भिक्षूबरोबर आणि नंतर इतर लोकांवर काही प्रयोग केले. दुसऱ्याचं दुःख पाहून तेच आपल्या अंगावर घेणं आणि दुसऱ्याचं दुःख पाहून त्याच्याबद्दल आपुलकी वाटणं, मदत करावीशी वाटणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि मेंदूत त्यांच्या वाटाही वेगळ्या दिसतात, असं त्यांचं म्हणणं. पहिलीनं माणूस पिचतो आणि मग पळ काढतो. दुसरीनं टिकतो. यावरून मला वाटतं की 'जास्त संवेदनशील आहे म्हणून फोन बंद केला' हे वाक्य आपण थोडं तपासून म्हणावं. संवेदनशीलता पळायला लावत असेल तर ती बहुधा स्वतःबद्दलची झालेली असते.

पतंजलीच्या सूत्रात आणखी एक बारकावा आहे आणि तो मला फार कामाचा वाटतो. तिथे कोणती वृत्ती कोणासाठी, हे ठरवून दिलं आहे. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवान माणसाबद्दल आनंद आणि पापाचरण करणाऱ्याची उपेक्षा. म्हणजे उपेक्षा ट्रोलसाठी आहे. दुःखी माणसासाठी ती नाही. आपल्या फोनमध्ये मात्र दोघांसाठी बटण एकच. शिव्या देणाऱ्यालाही म्यूट आणि रडणाऱ्यालाही म्यूट. दोघांमुळे आपल्याला त्रास होतो एवढंच त्या बटणाला कळतं, त्रास कसला आहे ते कळत नाही. ते कळण्याचं काम आपलंच, आणि अंगठा मात्र मनाच्या आधी पोचलेला असतो.

*

पण इथे एक प्रामाणिक आक्षेप आहे. दुःखी माणसाबद्दल करुणा, हे ठीक. किती दुःखी माणसांबद्दल?

१९७१मध्ये पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात येत होते तेव्हा पीटर सिंगर या तरुण तत्त्वज्ञानं एक निबंध लिहिला, तो १९७२मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातलं उदाहरण आता सगळीकडे पोचलं आहे. तुम्ही डबक्याजवळून जाताय, एक लहान मूल बुडतंय, त्याला वाचवायला गेलात तर कपडे चिखलानं खराब होतील. वाचवाल ना? मग दूरच्या देशात मरणाऱ्या मुलाला तेवढ्याच किमतीत वाचवता येत असेल तर अंतरानं काय फरक पडतो? नैतिकदृष्ट्या काहीच नाही, असं सिंगरचं उत्तर.

हे उत्तर खोडून काढणं कठीण आहे. पण त्या काळी दूरचं मूल वर्तमानपत्रातून, रेडिओवरून पोचायचं, आणि आज अंगठ्याच्या प्रत्येक फटकाऱ्याला एक नवं डबकं येतं. मधेमधे एक रेसिपी, एक नाच, बुटांची जाहिरात. युद्धात पडलेल्या इमारती, कुठे पूर, कुणाच्या उपचारांसाठी निधी, कुणाचा हरवलेला कुत्रा. या सगळ्या डबक्यांत उडी मारणं शक्य नाही, आणि जे शक्यच नाही ते कर्तव्य होऊ शकत नाही. शिवाय बहुतेक डबक्यांजवळ आपण नसतोच. आपण डबक्याचा व्हिडिओ बघत असतो. बघणं म्हणजे काही करणं नव्हे. तासभर दुःख बघून मन जड झालं की आपण त्या दुःखासाठी काही केलं असं वाटतं, आणि हाही करुणेचा एक तोतयाच.

मग कर्तव्याची हद्द कुठे? याचं उत्तर मला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात मिळालं नाही, ऑफिसात मिळालं.

आमच्याकडे ऑन-कॉल असतो. सॉफ्टवेअर रात्रीही चालू राहतं, म्हणून आठवड्यातून एकावर जबाबदारी. काही बिघडलं की फोन वाजतो, पाच मिनिटांत 'बघतोय' असं कळवायचं. नाही कळवलं तर फोन आपोआप दुसऱ्याकडे जातो, मग तिसऱ्याकडे. यातही मन पिचतं. एका रात्री चाळीस वेळा फोन वाजला की एक्केचाळिसाव्या वेळी माणूस झोपेतच बटण दाबून टाकतो आणि नेमका तोच खरा बिघाड असतो. याला आमच्यात अलर्ट फटीग म्हणतात. त्यावरचा इलाजही सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या गोष्टीवर झोपेतून उठून काही करता येणार नाही, त्यासाठी कुणाला उठवायचंच नाही. बाकीचं सकाळी बघता येतं.

आणि दुसरा नियम त्याहून साधा. आठवडा संपला की हँडओव्हर. म्हणजे काय चालू आहे, काय अर्धवट आहे, कशावर नजर ठेवायची, हे पुढच्याला सांगायचं आणि मग फोन बंद करून खुशाल झोपायचं. हँडओव्हर करून झोपलेल्या माणसाला कुणी बोल लावत नाही. त्याच्या झोपेत अपराधीपणा नसतो. हँडओव्हर न करता फोन बंद केला तर मात्र त्या रात्री काही बिघडलं नाही तरी चूक ती चूकच. कारण बाकीचे सगळे समजून चालले होते की तू आहेस.

माझ्या मते उत्तर इथे आहे. जगातल्या सगळ्या डबक्यांची मी ऑन-कॉल नाही. पण त्या ग्रुपवर, त्या शीटवर मी होते. स्वतःहून जागा घेतली होती, सतरा दिवस निभावली होती, लोक मला धरून चालले होते. दमले होते, हे खरं. थांबायचा मला हक्क होता, हेही खरं. दोन ओळी लिहायच्या होत्या फक्त: 'मी आज थांबते. शीटची लिंक वर दिली आहे, हिरव्या रांगा आधी बघा. अगदीच अडलं तर फोन करा.' एक मिनिट लागलं असतं. मी ते केलं नाही, कारण लिहायला लाज वाटली. इतर लोक मरत असताना मी दमले असं कसं सांगायचं? आणि म्यूट करताना काही सांगावं लागतच नाही. समोरच्याला त्यात काही दिसत नाही. त्याच्या बाजूनं मेसेजला दोन टिक येतात, म्हणजे पोचला. दीडशेच्या ग्रुपवर सगळ्यांनाच वाटतं, कुणीतरी बघेल.

हे बटण असं का बनवलं आहे ते मी समजू शकते. समोरच्याला न दुखवता बाजूला होता यावं, हा त्यामागचा विचार. त्रास देणाऱ्या माणसापासून लपताना तो योग्यच आहे. पण त्याच सोयीमुळे 'मी आहे, पण आत्ता ड्यूटीवर नाही' असं सांगण्याची साधी पद्धत मोडून गेली. जुन्या दवाखान्यांवर 'डॉक्टर बाहेरगावी गेले आहेत' अशी पाटी लागायची, लोक वाचून दुसरीकडे जायचे. डॉक्टर गेले आहेत आणि दिवा मात्र चालू, असं केलं तर लोक पायरीवर बसून राहतील.

*

आता सगळ्यात नकोशी गोष्ट.

सकाळी पावणेआठला तो मेसेज पाहिला तेव्हा मी त्याला लिहिलं, 'आत्ता बघितलं रे. झोप लागली होती.' मग लगेच फोनाफोनी सुरू केली. दुपारचा बेड मी शोधला नाही, पण मी खटपट केली, आणि नंतर बरेच दिवस त्या खटपटीच्या आड मी ती एक ओळ लपवून ठेवली. कारण मला झोप लागली नव्हती. ग्रुप म्यूट केल्यावर मी फोन बाजूला ठेवलाच नाही. इन्स्टाग्राम उघडलं. एक म्हातारा माणूस खिळा न वापरता लाकडी पेटी बनवत होता, तो पाहिला. मग दुसरा, मग केक, मग मांजरं. दोन वाजून गेले. ज्या मनाला जपायचं म्हणून दार लावलं होतं, त्याला मी त्याच घराच्या दुसऱ्या दारानं बाहेर नेलं होतं. सकाळी उठले तेव्हा आदल्या रात्रीइतकीच थकलेली होते.

हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. तीन वर्षांनी तो मित्र पुण्यात आला होता. कर्वे रोडला एका हॉटेलात चहा घेत बसलो होतो. इकडचं तिकडचं झाल्यावर मी एकदाचं बोलले. म्यूट केलं होतं, शीटमध्ये चिंचवडचा बेड होता, सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला,

'ते शीटचं मला माहीत नव्हतं.' आणि थोड्या वेळानं, 'पण तू जागी होतीस ते माहीत होतं.'

'म्हणजे?'

'अगं, मी रात्रभर सगळीकडे बघत होतो कोण जागं आहे ते. इन्स्टावर तुझ्या नावापुढे हिरवा ठिपका होता. एक-दीडपर्यंत तरी.'

मला काय बोलावं कळेना. मी विचारलं, 'मग तिथे मेसेज का नाही केलास?'

'वाटलं, तू ग्रुपवर पाहिलं असशीलच. काही असतं तर बोलली असतीस. आणि...' तो जरा थांबला. 'रोज तुम्हीच करत होतात ते. म्हटलं दमली असेल. असू दे.'

त्यानं मला त्या रात्रीही समजून घेतलं होतं, मी सांगितलेलं नसताना. तो पुढे म्हणाला की म्यूट केल्याचं त्याला कधीच काही वाटलं नसतं. 'सकाळी झोप लागली होती लिहिलंस ना, ते लागलं. दमले होते म्हणाली असतीस तर काय झालं असतं?'

खरंच काय झालं असतं? काही नाही. मी त्या ओळीचा बराच विचार केला आहे. झोपेला आपण माफ करतो, कारण झोप आपल्या हातात नसते. 'दमले होते' म्हणण्यात आपण काहीतरी निवडलं होतं याची कबुली असते. मी स्वतःला जपायचं ठरवलं होतं, पण त्याची जबाबदारी घ्यायचं ठरवलं नव्हतं. मला वाटतं, जपणं आणि कानाडोळा यांच्यातला फरक बराचसा इथेच आहे. जे आपण केलं ते समोरच्या माणसाला त्याच्या तोंडावर सांगता येतं का? 'मी आता थांबते' हे सांगता येत असेल, तर ते जपणं. सांगायला खोटं लागत असेल, तर आत कुठेतरी आपल्यालाही ठाऊक असतं.

आणि कानाडोळा हा शब्दही ऐकायला काय नेमका आहे. कान आणि डोळा, दोन्ही शाबूत असतात. आपण बहिरे नसतो, आंधळे नसतो. ऐकलेलं, पाहिलेलं असतं. तरी नाही असं वागायचं असतं.

*

त्या भेटीनंतर मी फोनमध्ये फारसं काही बदललेलं नाही. ग्रुप अजून म्यूटच आहेत. दूरची दुःखं मी आता रोज बघत नाही. महिन्यातून एकदा बसते, एक-दोन ठिकाणं निवडते जिथे पैसे किंवा वेळ देता येईल, देते, आणि बाकीच्या व्हिडिओंना माझ्या रात्री देत नाही. याबद्दल कुणी बोट दाखवलं तर मी ते ऐकून घेईन, पण बदलणार नाही.

बदललं ते दोन ठिकाणी. जिथे लोक मला धरून चाललेले असतात, तिथून उठताना सांगून उठते. घरच्या ग्रुपवर, ऑफिसात, एका मैत्रिणीच्या घटस्फोटाच्या काळात आमच्या तिघींचा ग्रुप होता त्यावरही. 'आज मला नाही झेपणार, उद्या सकाळी बोलू' असं मी तिला पहिल्यांदा लिहिलं तेव्हा हात थरथरत होता. तिनं लिहिलं, 'बरं. मी आईशी बोलते आज.' इतकंच. मी न सांगता गप्प बसले असते तर ती रात्रभर माझ्या टिक निळ्या होण्याची वाट बघत राहिली असती.

दुसरं म्हणजे फोनची सेटिंग. रात्री अकरानंतर फोन कुणासाठीच वाजत नाही, सात नंबर सोडून. त्या सात जणांना मी स्वतः सांगितलं आहे की मेसेज करू नका, मेसेज मी बघणार नाही. काही असलं तर सरळ फोन करा, कितीही वाजलेले असोत. तो मित्र त्या सातांत आहे.

गेल्या पावसाळ्यात त्याचा एकदा आला, पहाटे सव्वातीनला. मी धडपडत उठले, आधी लाइट लावला, मग चार्जिंगची वायर ओढून काढली. त्याच्या आईला दवाखान्यात ठेवलं होतं, सगळं बरं होतं, डॉक्टर बघून गेले होते, सकाळी सोडणार होते. तो बाहेर बाकावर बसला होता. 'काही काम नाहीये गं,' तो म्हणाला, 'झोप येत नव्हती.' करण्यासारखं माझ्याकडेही काही नव्हतं. आम्ही उजाडेपर्यंत इकडचं तिकडचं बोलत राहिलो.